बालवाडी निवडताना: भावनगर, बोर्डी, कोसबाड आणि आपले रायपूर



हे टिपण वाचणारे तुम्ही बहुतेक जण अठरा ते बावीस वर्षांचे असाल. बालवाडी हा आपला विषय नाही, असे तुम्हाला वाटेल. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. मग माझी मुलगी तीन वर्षांची झाली आणि रायपूरमधल्या एका शाळेत आम्ही तिला प्रवेशासाठी घेऊन गेलो.

तिथे तिला वांग्याचे चित्र दाखवून इंग्रजीत विचारले, हे काय आहे? ती म्हणाली, "वांगं." समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, तेव्हा ती म्हणाली, "बैंगन." तरीही कोणी मान हलवली नाही. मग आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडून शिकलेला छत्तीसगढी शब्द तिने सांगितला, "भांटा." बाईंनी कागदावर फुली मारली. एका भाजीची तीन नावे तीन भाषांत सांगणाऱ्या मुलीला 'ओळखता आले नाही' असा शेरा मिळाला.

घरी परतताना मी चिडलो होतो. पण खरा प्रश्न नंतर पडला. बालवाडीत नेमके काय पाहायचे, हे मला तरी कुठे ठाऊक होते? मी फी, बसची सोय आणि इमारत पाहिली होती. म्हणून मी हा इतिहास वाचू लागलो. बालवाडी कोणी, कशासाठी आणि कोणत्या मुलांसाठी सुरू केली हे समजले, की आज दारात उभे राहून काय पाहावे हेही समजते. या टिपणात आपण तेच करणार आहोत.

१. शाळेआधीची जागा: युरोपातील सुरुवात

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था सुरू केली. 1840 मध्ये तिला त्यांनी 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. हे नाव त्यांनी विचारपूर्वक निवडले होते. बागेत माळी रोप ओढून उंच करत नाही. तो माती, पाणी आणि ऊन यांची काळजी घेतो. आज आपण ज्याला सहज 'केजी' म्हणतो, त्यातला 'जी' हा बागेचा आहे, हे लक्षात ठेवा.

पुढचा टप्पा रोमचा. मारिया माँटेसरी या डॉक्टर होत्या. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह' उघडले. आईवडील कामावर गेल्यावर चाळीत एकटी राहणारी मजुरांची मुले तिथे येत. आज 'माँटेसरी' हा शब्द पाटीवर दिसला की आपल्याला महागडी शाळा आठवते. तिची सुरुवात मात्र मजुरांच्या मुलांपासून झाली. लंडनच्या डेप्टफर्ड भागात मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी 1914 मध्ये सुरू केलेली उघड्यावरची शिशुशाळाही गरीब मुलांसाठीच होती. आंघोळ, जेवण, झोप आणि मोकळी हवा यांना तिथे शिक्षणाइतकेच महत्त्व होते.

या तिन्ही ठिकाणी बालवाडी पहिलीची तयारी करून घेण्यासाठी निघाली नव्हती. तीन ते सहा या वयाच्या स्वतःच्या गरजा असतात, असे तिचे म्हणणे होते.

२. भावनगर: एका वडिलांचा प्रश्न

भारतातील गोष्ट एका वकिलापासून सुरू होते. गिजुभाई बधेका (1885–1939) काठियावाडात वकिली करत. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवायचे, कुठे शिकवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या शोधात त्यांनी माँटेसरी वाचल्या. पुढे वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. मार आणि धाक यांना त्यात जागा नव्हती. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

इथे आपल्या मराठी इतिहासातले मोठे नाव येते. ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 मध्ये मुंबईत झाला. 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही काळ त्या अमरावतीत राहिल्या. संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी घेऊन त्या राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य म्हणून गेल्या. 1923 च्या सुमारास ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षण पत्रिका' हे मासिक गुजरातीत निघत होते. ताराबाईंनी 1933 मध्ये ते मराठीतही सुरू केले. 1936 मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार काढला.

दादरची शाळा नावारूपाला आली. पण तिथे येणारी मुले बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेल्या घरांतली होती. खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

३. बोर्डी: बालवाडी अंगणात आली

1945 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताईंचा जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीला आल्या तेव्हा त्या 35 वर्षांच्या होत्या.

दोघींपुढे पहिली अडचण साधी होती. शाळा उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरीब आणि दलित वस्तीतली मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते, कोणाला अंगावर घालायला कपडा नव्हता, कोणाच्या पालकांना आपल्या मुलाला तिथे बसू देतील याचीच खात्री नव्हती.

अशा वेळी 'पालकांना जाणीव नाही' असा शेरा मारून मोकळे होता येते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एखाद्या अंगणात, झाडाखाली त्या बसू लागल्या. हीच 'अंगण बालवाडी'. आधी मुलांचे नाक पुसणे, नखे कापणे, आंघोळ घालणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द या अंगणाच्या कल्पनेशी जोडलेला आहे. आपल्याकडे छत्तीसगडमध्ये त्याचे 'आंगनबाड़ी' झाले.

दुसरी अडचण साहित्याची. माँटेसरींची साधने सुबक असली तरी महाग होती. बोर्डीत त्यांची जागा शंखशिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी, पानांनी आणि काड्यांनी घेतली. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल तर इथे थोडे थांबा. लहानमोठे क्रमाने लावणे, रंगानुसार वेगळे करणे, खडबडीत आणि गुळगुळीत यांतला फरक बोटांनी ओळखणे, ही त्या साधनांची कामे होती. ताराबाईंनी काम कायम ठेवले आणि सामान बदलले. आपण ज्याला स्थानिक गरजेनुसार केलेली रचना म्हणतो, तिचे हे उत्तम उदाहरण आहे.

४. कोसबाड: मूल एकटे नसते

पुढे, 1956-57 च्या सुमारास, हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या भागात गेले. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. थोरली बहीण शाळेत यायची तर धाकट्या बाळाला कोण पाहणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली गेली. तिला 'विकासवाडी' म्हणतात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरे चरतात तिथेच शाळा भरू लागली, ती 'कुरणशाळा'.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 1973 मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पुढची जवळजवळ दोन दशके, 1992 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, हे काम चालवले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन ग्रंथालयात मिळाले तर जरूर वाचा.

५. आपला जुना प्रांत आणि सेवाग्राम

रायपूरच्या वाचकाला वाटेल, हा सगळा इतिहास गुजरात आणि कोकणपट्टीचा आहे. तसे नाही. 1956 पर्यंत रायपूर, नागपूर, वर्धा आणि अमरावती एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल 1937 मध्ये या प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवण्याची 'विद्या मंदिर' योजना त्यांनी मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि 'नयी तालीम' पुढे आली. सुरुवातीला तिचा विचार सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता होता. 1945 च्या सेवाग्राम परिषदेत तो आयुष्यभराच्या शिक्षणापर्यंत वाढवला गेला आणि 'पूर्व-बुनियादी', म्हणजे सात वर्षांखालील मुलांचे शिक्षण, त्यात आले. सेवाग्राममध्ये हे काम शांताबाई नारुलकर यांनी उभे केले. स्वच्छता, घरातली कामे, गावचा परिसर आणि आईशी संवाद हाच तिथला अभ्यासक्रम होता.

म्हणजे 1945 या एकाच वर्षी बोर्डीत आणि सेवाग्रामात खेड्यातल्या लहान मुलाकडे लक्ष वळले. या दोन्ही ठिकाणी मुलाची भाषा, मुलाचा परिसर आणि मुलाचे घर हाच पाया मानला गेला.

६. वाट कुठे फुटली?

स्वातंत्र्यानंतर 1953 मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना मदत मिळू लागली. पण 1964-66 च्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षण मुख्यतः खासगी प्रयत्नांवर सोडले. सरकारने प्रशिक्षण, संशोधन, देखरेख आणि अनुदान पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. पैसा कमी होता आणि आधी सर्वांना प्राथमिक शिक्षण द्यायचे होते, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

शहरात याचा परिणाम असा झाला की पहिलीच्या वर्गाखाली शाळांनी दोन-तीन पायऱ्या जोडल्या. पहिलीत जागा मिळावी म्हणून केजी, केजीत जागा मिळावी म्हणून नर्सरी. पायरीवर चढण्यासाठी परीक्षा आली, मुलाखत आली. 1993 मध्ये प्राध्यापक यश पाल यांच्या समितीने लहान मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला मनाई केली. तरीही माझ्या मुलीला वांग्याचे चित्र दाखवले गेले, कारण त्याला कोणी मुलाखत म्हणत नव्हते. 'जरा गप्पा मारू,' असे म्हटले होते.

दुसरीकडे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रायोगिक प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण आणि मातांसाठी आहार-आरोग्य शिक्षण, अशा सहा सेवा एका अंगणवाडीतून द्यायच्या होत्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती देशभर पसरली. पण सहा कामे, भरपूर नोंदवह्या आणि एक सेविका, यात खेळ आणि गोष्ट मागे पडली. अनेक ठिकाणी लोकांच्या तोंडी अंगणवाडी म्हणजे 'खाऊ मिळतो ती जागा' एवढीच राहिली.

बोर्डीत हे सगळे एका अंगणात होते. पोट, स्वच्छता, खेळ, भाषा, भावंड. आता त्याची वाटणी झाली. खासगी शाळेने पाटी-पुस्तक घेतले, अंगणवाडीने ताट घेतले. मूल मात्र एकच आहे.

ही तुटलेली वाट जोडण्याचे प्रयत्नही चालू आहेत. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण ही राज्याने प्रयत्नपूर्वक पार पाडायची जबाबदारी ठरवली, पण मूलभूत हक्क सहा वर्षांपासून पुढेच दिला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. छत्तीसगडमध्ये 2022 पासून सरकारी प्राथमिक शाळांना जोडून पाच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी वर्ग निघाले. बिलासपूर जिल्ह्यातल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने गावोगावी 'फुलवारी' नावाची पाळणाघरे चालवली. आई शेतात असताना तीन वर्षांखालील बाळांना तिथे सांभाळतात आणि खाऊ घालतात. कोसबाडच्या पाळणाघराची आठवण यावी, असे हे काम आहे.

७. मग दारात उभे राहून काय पाहायचे?

आता इतिहासाचा उपयोग करू. उद्या तुम्ही भाचीसाठी, पुतण्यासाठी किंवा काही वर्षांनी स्वतःच्या मुलासाठी बालवाडी पाहायला जाल. तेव्हा इमारत पाहून झाल्यावर पुढील गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, बाई मुलांशी बोलताना खाली बसतात का? मूल रडत असेल तर त्याला जवळ घेतात की गप्प करतात?

दुसरी, खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवली आहेत की पालकांना दिसावीत म्हणून काचेच्या कपाटात? वाळू, पाणी, माती, बिया यांना जागा आहे का? खेळणे झिजलेले दिसले तर ते चांगले लक्षण समजा.

तिसरी, मूल घरची भाषा बोलले तर काय होते? रायपूरमध्ये एका वर्गात छत्तीसगढी, हिंदी, मराठी, उडिया, तेलुगू, सिंधी बोलणारी मुले असू शकतात. बाईंना सगळ्या भाषा याव्यात अशी अपेक्षा नाही. पण 'भांटा' ऐकल्यावर त्यांनी हसून 'हो, भांटा' म्हणावे. इंग्रजी शब्द त्यानंतर सहज शिकवता येतो.

चौथी, लिहिण्याची घाई किती? या वयात मनगटातली लहान हाडे अजून पूर्ण घडलेली नसतात. मणी ओवणे, माती मळणे, कागद फाडणे, रंगवणे यांतून हात तयार होतो. तीन वर्षांच्या मुलाला रोज पानभर अक्षरे गिरवायला देणारी बालवाडी पालकांच्या समाधानासाठी चालते.

पाचवी, घरापासून अंतर. रायपूरच्या एप्रिलमधल्या उन्हात तीन वर्षांचे मूल पाऊण तास व्हॅनमध्ये असेल, तर नामांकित शाळेचा फायदा वाटेतच संपतो. पिण्याचे पाणी, मुलांच्या उंचीचे शौचालय आणि हात धुण्याची जागा स्वतः जाऊन पाहा.

सहावी, तुम्हाला वर्गात बसू देतात का? घराशी नाते ठेवणारी बालवाडी आईवडिलांना फाटकाबाहेर ठेवत नाही.

या शेवटच्या मुद्द्याला परदेशातल्या एका प्रसिद्ध प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात 1962 पासून पेरी प्रीस्कूल प्रकल्प झाला. गरीब घरांतल्या 123 मुलांपैकी 58 जणांना बालवाडी मिळाली, उरलेल्यांना नाही. दोन्ही गटांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांचे शिक्षण आणि कमाई अधिक दिसली, गुन्ह्यांत अटक होण्याचे प्रमाण कमी दिसले. नमुना लहान होता, हे विसरू नका. पण त्या प्रकल्पात शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जात, हेही विसरू नका. ताराबाई आणि अनुताई त्याच्या सतरा वर्षे आधी अंगणात जाऊन बसल्या होत्या.

आणि घरी? घरी लागते ते फारसे महाग नाही. रोज एक गोष्ट, आजीची बडबडगीते, शेंगा सोलायला मदत, पोळी लाटताना मिळालेला कणकेचा गोळा, बाजारात भाज्यांची नावे, आणि मुलाच्या 'का'ला उत्तर देण्याइतका वेळ. यातला शेवटचा भाग मला सर्वांत अवघड गेला, हे कबूल करतो.

आमच्या मुलीला शेवटी आम्ही घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका छोट्या बालवाडीत घातले. मागे वाळूचा ढीग होता आणि बाई खाली बसून बोलत. नातेवाइकांनी 'मागे पडेल' असे बजावले. सहाव्या वर्षापर्यंत तिला सलग वाचता येत नव्हते. शेजारची मुले इंग्रजी कविता म्हणून दाखवत, तेव्हा आम्ही दोघेही रात्री जागून बोलायचो की आपण चुकलो तर नाही ना. आज ती वाचते, पण त्यावरून आमचा निर्णय बरोबर ठरला असे मी म्हणणार नाही. एका मुलावरून निष्कर्ष काढू नये, हे मीच तुम्हाला प्रयोगशाळेत सांगतो. एवढे मात्र सांगेन, की तीन वर्षे ती सकाळी स्वतःहून चपला घालून दारात उभी राहायची.

विचारासाठी आणि करण्यासाठी

१. तुमच्या महाविद्यालयाजवळच्या अंगणवाडीत परवानगी घेऊन दोन तास बसा. सहा सेवांपैकी कोणत्या दिसल्या? खेळायला किती वेळ मिळाला?

२. तुमच्या परिसरात फुकट मिळणाऱ्या पाच वस्तू वापरून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी क्रम लावण्याचे किंवा वर्गीकरणाचे एक साधन तयार करा. ते मुलाच्या हातात देऊन पाहा आणि मूल त्याचे काय करते ते लिहून ठेवा.

३. 'मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे' हे तत्त्व आजच्या रायपूरमध्ये, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी, कसे वापरता येईल? एका पानात मांडा.

४. तुमच्या घरी वांग्याला काय म्हणतात? वर्गमित्रांकडून आणखी किती नावे मिळतात ते पाहा. ती यादी एखाद्या बालवाडीच्या बाईंना नेऊन द्या.